निष्क्रिय वेळ

१० नोव्हेंबर, सोमवार. लातूर

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी आम्हा सगळ्या प्राध्यापकांच्या फोनमध्ये ते ॲप टाकून घेतलं. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं गावोगावच्या शाळांत इंटर्नशिप करतात. आम्ही जाऊन वर्गात मागच्या बाकावर बसतो, पाठ बघतो, शेरा लिहितो, गुण देतो. आता बाकावर फोन ठेवायचा. तो तास ऐकणार. शिक्षक किती बोलला, मुलं किती बोलली, प्रश्न किती, शांतता किती, सगळं मोजून शंभरपैकी गुण देणार, खाली शेराही लिहिणार. आम्ही सही करायची.

प्राचार्य म्हणाले, "फोनला जात नाही, गाव नाही, मूड नाही." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, आणि मनापासून. अमकीला गुण तमक्या मॅडमच्या ओळखीनं, ही कुजबुज दर वर्षी कानावर येते. ती थांबली तर बरंच.

संध्याकाळी मात्र चुटपुट. नमुन्याचा शेरा माझ्या शेऱ्यांपेक्षा चांगल्या मराठीत होता. माझे तीन ठरलेले: आवाज स्पष्ट, फलकलेखन सुधारावे, प्रश्नकौशल्य वाढवावे. हात आपोआप लिहितो. मग आमच्या दोघांत यंत्र कोण?

१२ नोव्हेंबर, बुधवार

गंमत म्हणून आज माझ्याच तासाला फोन लावला. विषय: विद्यार्थिकेंद्रित अध्यापन. निकाल: शिक्षकाचे बोलणे ब्याण्णव टक्के. शेरा: 'विद्यार्थ्यांना बोलण्याची अधिक संधी द्यावी.'

आधी हसू आलं. मग नाही आलं. फोन बरोबर होता. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही, माझ्या मागच्या बाकावर कुणी बसतच नाही.

संजयला नांदेडला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "घरी लावून बघ. शंभर टक्के येतील." बँकेनं त्याची बदली केल्यापासून आम्हा नवरा-बायकोचं बोलणं फोनवरच, त्यामुळे माझ्या बोलण्याचा हिशोब त्याला पक्का माहीत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन छात्राध्यापकांचे पाठ, लातुरातच. एकाला ॲपनं सांगितलं, बोलण्याचा वेग फार आहे. हे मी त्याला पहिल्या वर्षापासून सांगतेय. माझं ऐकलं नाही, फोनचं ऐकलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बोलल्या की रागावल्यासारखं वाटतं. हे रागवत नाही." वाईट वाटायला हवं होतं. पण त्याचा वेग कमी झाला, हे खरं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. उदगीरहून परत

शिवकन्याचा पाठ. (यापुढे शि. लिहीन.) उदगीरची, तिशी ओलांडलेली. सासर सोडून चार वर्षांच्या मुलीला घेऊन भावाकडे राहते. भावाचं मोंढ्यात भुसार दुकान. कपाळावर रोज भस्माची रेघ, भेटली की "शरणार्थ मॅडम". बाकीच्यांसारखं गुड मॉर्निंग नाही.

तिला पहिलं यायचंय. आमच्याच संस्थेच्या लातूरच्या शाळेत जूनपासून विज्ञानाची एक जागा आहे. इंटर्नशिपच्या गुणांत जो पहिला त्याला ती द्यायची, असं अध्यक्षांनी ठरवलंय. पहिल्या वर्षाचे गुण धरले तर शि. आणि बिलोलीचा गजानन, दोघांत चुरस आहे. भाऊ वाईट नाही, ती सांगते, पण वहिनी ताट वाढताना भांडं जरा जोरात ठेवते.

सातवीचा वर्ग. सूक्ष्मजीव. तिनं पुस्तक उघडलंच नाही. म्हणाली, येळवशीला (वेळ अमावास्येला) घरी आंबील होते ना, तर ज्वारीचं पीठ भिजवून ठेवलं की सकाळी आंबट होतं. पिठात आंबट काही नव्हतं. पाण्यातही नव्हतं. मग आंबट आलं कुठून?

आणि गप्प उभी राहिली.

फोन माझ्यासमोर बाकावर. त्याच्यावर रेघा चालू असतात. शिक्षक बोलला की हिरवी, मुलं बोलली की निळी, कुणीच नाही तर करडी. करडी रेघ सुरू झाली ती वाढतच गेली. मी मनात म्हणतेय, बोल गं, काहीतरी बोल. करडी रेघ पडद्याच्या कडेला टेकली आणि पडदा पुढे सरकला. शेवटी तिनं काहीतरी म्हटलं, मुलं हसली, घंटा झाली.

गुण चोपन्न. 'निष्क्रिय वेळ अधिक. संकल्पना पूर्ण केली नाही. उत्तर सांगितले नाही.'

शि.ला दाखवलं. वाचून तिनं फोन परत दिला. 

१९ नोव्हेंबर, बुधवार

काहीतरी चुकतंय. काय ते सांगता येत नाही.

त्या शांततेत वर्गात काय झालं? मुलं कंटाळली होती, की विचार करत होती? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो मागच्या बाकावरून दिसतो. चेहरे दिसत नाहीत, पण माना दिसतात, पाठी दिसतात, पाय हलताना दिसतात. विचार करणारी पाठ वेगळी असते. हे मी मुलांना शिकवते.

आणि मी बघितलं नाही. मी करडी रेघ बघत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

त्या वर्गाच्या शिक्षिका कदम बाई. त्याही तासाला वर्गातच बसल्या होत्या. त्यांना फोन केला. म्हणाल्या, "मी पेपर तपासत होते हो मॅडम. वर्ग शांत होता, म्हणून चांगले उरकले."

मग शि.ला केला. विचारलं, तू थांबलीस तेव्हा मुलं काय करत होती? म्हणाली,

"मॅडम, तुम्ही तर मागं बसल्या होता."

टोमणा नव्हता. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. तेच जास्त लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, शि.चे गुण मला पटत नाहीत. त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नाही, ऐकून घेतात. म्हणाले, "निरीक्षक म्हणून तुमचा अधिकार आहे. तुम्ही काय बघितलं ते लिहून द्या, मी बदलतो. काय बघितलं?"

मी म्हटलं, "शांतता."

"ती तर फोननंही बघितली."

दोन ओळी रचून दिल्या असत्या तरी चाललं असतं: 'विद्यार्थी विचारमग्न दिसले.' कुणी तपासायला येणार नव्हतं. जिभेवर आलंही होतं. पण मी बघितलेलं नाही. न बघता चांगलं लिहिलं तर मग मी आणि ओळखीनं गुण देणारे...

शेवटी इतकंच मिळालं की शि.ला आणखी एक पाठ घेता येईल. दोन्हींतला चांगला धरू म्हणाले. पण फोन लावूनच. गजाननला एक न्याय आणि हिला दुसरा, असं नको. बरोबर आहे त्यांचं.

उठताना म्हणाले, "पुढच्या वर्षी इतकी धावपळ राहणार नाही तुम्हाला. शाळेतलंच कुणीतरी फोन लावेल. निरीक्षणाला माणूस पाठवायची गरजच नाही." मला आनंद होईल असं समजून सांगितलं.

२५ नोव्हेंबर

डोकं दुखत होतं. गेले नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार. नांदेड

सकाळी इथून बिलोलीला गेले, गजाननच्या पाठाला. आज ठरवून रेघेकडे बघायचं नाही, वर्गाकडे बघायचं. बघितलं.

गजानन हा पोरगा मला आवडतो, हे आधीच लिहून ठेवते. हसरा, कष्टाळू, बोलण्यात कुणाला हार जात नाही. त्यानं प्रकाशसंश्लेषण घेतलं. प्रश्न असे: "वनस्पती अन्न कशात तयार करतात? पाऽ..." सगळा वर्ग: "पानाऽत." "त्यासाठी काय लागतं? सूर्यप्रऽ..." "काऽश." "कळलं का?" "होऽऽ सर." कवायत असावी तशी. पहिल्या बाकावरची मुलगी 'होऽऽ' म्हणताना वेणीचं रबर काढून परत लावत होती. एकदाही चुकली नाही.

निळी रेघ फोनभर. एकोणनव्वद. 'विद्यार्थ्यांचा सहभाग उत्कृष्ट.'

बाहेर आल्यावर मी काही म्हणायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला आवडला न्हाई."

म्हटलं, तुला कसं कळलं?

"तुमचं तोंड दिसतंय की. फोनला तोंड न्हाई." मग हसत, "एक पोरगं बोललं का चाळीस बोलले, त्याला काय कळून राहिलंय? त्याला आवाज पाहिजे, आपण देऊन राहिलो."

मुलांना काय कळलं म्हणून विचारलं तर म्हणतो, ते घटक चाचणीत कळंल की. आणि मग, जाता जाता: "शिवकन्याताईला बी सांगितलंय मी. चोपन्न पडले म्हणं. फार वाईट वाटलं. ताईला म्हणलं, थांबू नका, पोरांकडून म्हणवून घ्या."

स्वतःची गुरुकिल्ली स्वतःच्याच स्पर्धकाच्या हातात देऊन आला. हे त्याच्या पाठात कुठं मोजायचं?

दुपारी संजयला सगळं सांगितलं. त्यानं नेहमीसारखं चपखल बोलून विषय संपवला नाही. म्हणाला, "आमच्याकडं कर्ज द्यायचं का न्हाई ते आता कॉम्प्युटर ठरवतो. मी नुसता माणसाला समोर बसवून घेतो. बसवून घेतलं की माणसाला बरं वाटतं, एवढंच माझं काम उरलंय." आणि वर्तमानपत्र उचललं.

१ डिसेंबर, सोमवार

शि.ला फोन करून सांगावं का, की गजाननचं ऐकू नको? दिवसभर हाच घोळ.

सांगितलं आणि तिला परत चोपन्न पडले तर? माझ्या तत्त्वासाठी तिची जागा जाणार. माझं काय जातंय? माझी नोकरी पक्की, घर स्वतःचं, ताट वाढताना माझ्या घरी कुणी भांडं आपटत नाही.

नाही केला फोन.

४ डिसेंबर, गुरुवार. उदगीरहून परत

शि.चा दुसरा पाठ. त्याच वर्गात, पाण्याचे गुणधर्म.

ती वर्गात आली ती मोठा आवाज घेऊनच. "पाण्याला रंग असतो का? नऽ..." "नसतोऽ." "वास? नऽ..." "नसतोऽ." "समजलं?" "होऽऽ बाई." गजाननपेक्षा सफाईनं केलं. जे करते ते नीटच करते ती. मुलांना आधी सराव दिलेला असणार, कारण हात कधी वर करायचा तेही त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं मध्येच हात वर केला, वेगळाच, नुसतं एक बोट. शि.नं तिच्याकडे बघितलं. मी बघितलं की तिनं बघितलं. आणि पुढे गेली. थांबली असती तर करडी रेघ आली असती.

एक्क्याण्णव. 'आदर्श पाठ. आंतरक्रिया उत्तम.'

शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. "बरा झाला ना मॅडम?"

मी म्हटलं, "गुण चांगले आहेत." तिनं मान हलवली. मी काय म्हणाले नाही ते तिला ऐकू गेलं असावं. बोट वर करणाऱ्या मुलीचं नाव विचारलं. भाग्यश्री, म्हणाली. "ती लई प्रश्न विचारते. उद्या विचारीन तिला."

बसमध्ये हिशोब: शि. एक्क्याण्णव, गजानन एकोणनव्वद. जागा शि.ची. मला हेच हवं होतं ना?

६ डिसेंबर, शनिवार

दोघांनी तोच खेळ खेळला, म्हणजे सामना बरोबरीचा झाला. असं म्हणून समाधान करून घ्यायला बघते, होत नाही. गजानन त्या खेळात तरबेज, त्याला त्यात काही खुपत नाही. शि.ला खुपतं आणि तरी तिनं तो खेळला. कुणाचं जास्त बिघडलं?

आणि जागा तिला मिळावी असं मला का वाटतं? तिच्यातल्या त्या थांबण्यासाठी. मिळणार कशाबद्दल? न थांबल्याबद्दल. संस्थेच्या शाळेतही शिक्षकांच्या तासाला हाच फोन येणार, प्राचार्य काल म्हणाले. मग ती कधी थांबणार?

९ डिसेंबर, मंगळवार

कॉलेजात माझ्या तासाला परत फोन लावला. या वेळी प्रश्न विचारून गप्प उभी राहिले. जमतं का बघू म्हणून. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

थांबवेना. मीच उत्तर सांगून टाकलं. वर्गापुढे गप्प उभं राहायला काय लागतं ते आज कळलं. शि.नं ते केलं होतं. मुलं माना हलवत होती की जांभया देत होती, देव जाणे, पण उभी राहिली होती.

१२ डिसेंबर

अंतिम गुणपत्रकं सोमवारी बावीस तारखेला, अकरा वाजता. नाव, दोन्ही पाठांचे गुण, ॲपचा शेरा, सगळं भरून आलंय. खाली 'निरीक्षकाचे स्वतंत्र मत' असा एक चौकोन ठेवलाय, रिकामा. प्राचार्य म्हणाले, तो नाही भरला तरी चालेल. पण भरला, तर अध्यक्ष वाचतात.

१५ डिसेंबर, सोमवार

चौकोनात लिहून बघितलं, कच्च्या कागदावर. 'दुसरा पाठ हा पाठांतराचा होता. पहिल्या पाठात या शिक्षिकेचे खरे सामर्थ्य...' इथं अडले. पहिल्या पाठात काय? मी बघितलं नाही. दुसऱ्याबद्दल वाईट लिहायला माझ्याकडे पुरावा आहे, पहिल्याबद्दल चांगलं लिहायला नाही. हे लिहिलं तर एवढंच होईल की तिची जागा जाईल. आणि गजाननच्या पाठाबद्दलही हेच लिहावं लागेल. मग जागा कुणालाच नाही. बाहेरून कुणी घेतील.

काही न लिहिता सही केली तर तो पाठ आदर्श, असं मी म्हटल्यासारखं.

कागद फाडला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येळवस. लातूर ओस, सगळे शेतात. शेजाऱ्यांनी त्यांच्या मळ्यात नेलं. भज्जी, उंडे, आंबील. शेजारणीच्या सासूबाईंनी तांब्या भरून दिला. पिताना ते आठवलंच: आंबट आलं कुठून? मला उत्तर येतं, पुस्तकातलं. पण विचारलं तर पहिल्यांदा काय वाटतं, ते आता मला कधीच वाटणार नाही.

उद्या उदगीरला जाते. कुणी सांगितलेलं नाही. शि.च्या इंटर्नशिपचा शेवटचा दिवस, पाठ गुणांचा नाही. फोन बंद करून पिशवीत.

२० डिसेंबर, शनिवार. उदगीर–नांदेड बसमध्ये, अक्षर वाकडं येतंय

सकाळची शाळा. निम्मा वर्ग कालच्या जेवणानं सुस्त, निम्मा आलेलाच नाही. शि.ला मी येणार हे माहीत नव्हतं. बघून दचकली, मग तिची नजर बाकावर गेली. फोन नाही. खडू उचलला आणि ठेवला.

मुलांना म्हणाली, "दिवाळीनंतर एक विचारलं होतं मी. कुणाला आठवतंय का?"

म्हणजे तिनं त्या दिवशी उत्तर सांगितलंच नव्हतं. येळवशीपर्यंत ठेवलं होतं. ॲपनं लिहिलेलं खरं होतं: संकल्पना पूर्ण केली नाही.

भाग्यश्री उभी राहिली. पाण्याच्या बाटलीत आंबील घेऊन आली होती. म्हणाली, "बाई, मी धुतलेल्या पातेल्यात पीठ भिजवलं, आजीनं तिच्या जुन्या मडक्यात. आजीचं रात्रीतून आंबलं. माझं न्हाई आंबलं."

मागून एक मुलगा: "आजीनं टाकलं आसंल काहीतरी." हशा.

"न्हाई टाकलं. मी बघत बसलते."

शि. म्हणाली, "मग आजीच्या मडक्यात काय होतं?"

आणि थांबली.

या वेळी मी बघितलं. खिडकीजवळच्या मुलाचा पाय हलत होता तो थांबला. दोघीजणी एकमेकींच्या कानाला लागल्या, मग वेगळ्या झाल्या आणि दोघी बाटलीकडे बघायला लागल्या. एकानं हात अर्धा वर नेला, डोकं खाजवून खाली घेतला. भाग्यश्री उभीच होती, तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं, तिच्या ओठांची हालचाल चालू. एक मुलगा सरळ झोपलेला होता, तेही लिहिते. कदम बाईंनी पेपरवरून मान वर केली. शि. हाताची घडी घालून उभी, कुणाकडेच बघत नव्हती. मला घसा खाकरावासा वाटत होता. नाही खाकरला.

ती शांतता किती वेळ होती, मला सांगता येणार नाही. मोजायला काही नव्हतं.

घंटा झाली. उत्तर कुणीच दिलं नाही. पोरं बाहेर पळता पळता भांडत होती, मडक्याला लागून राहतं का, तर काय राहतं, दिसत का न्हाई.

वर्ग रिकामा झाल्यावर शि.ला म्हटलं, मी आज बघितलं. त्या दिवशी नव्हतं बघितलं. आता लिहू शकते. मत मागितलंय माझं, सोमवारी.

तिला बरं वाटेल, असं मला वाटलं. तिनं फळा पुसायला घेतला. पुसून झाल्यावर म्हणाली,

"लिहू नका मॅडम. हे चांगलं म्हणून लिहिलं की ते एक्क्याण्णव कसे आले ते विचारतील. राहू द्या ते."

मी म्हटलं, ते एक्क्याण्णव तुझे नाहीत.

"न्हाईत. पण जागा एक्क्याण्णवची हाय." मग जरा हळू, "एकदा लागू द्या. मग असंच शिकवीन."

तिथंही फोन असेल, मी म्हटलं.

"असंल. तो काय रोज असंल व्हय?"

खोटं नव्हतं ते. मोठ्या कष्टानं काढलेलं गणित होतं, आणि माझ्या चौकोनात नसलेली तिची मुलगी त्यात होती. पण गजानन? तो रोज तसाच शिकवील आणि त्याला कुणी काही म्हणणार नाही, त्याचं मी काय करणार? आणि लातूरच्या त्या शाळेतल्या मुलांना कोण मिळणार: आजची शि., की चार तारखेची? तिलाही माहीत नसेल. मला कुठून माहीत असणार.

निघताना भाग्यश्रीची बाटली तिनं माझ्या पिशवीत ठेवली. "मडक्यातली हाय. झाकण घट्ट लावू नका, येताना फसफसून वर आलं म्हणत होती."

फोन चालू केला. प्राचार्यांचा मेसेज: 'शेरे भरून झाले आहेत. सोमवारी फक्त सही.' संजयचा: 'जेवायला थांबतो.'

जळकोट गेलं. पिशवीतून बारीक चरचर आवाज येतोय. शेजारची बाई सरकून बसली. झाकण मी घट्टच लावलं होतं, सवयीनं. आता सैल करते.